वाचलेल्या आयुष्याचा हिशेब



२ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्र सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्या आठांत खानदेशातील धुळे होते. जळगावकरांना नोव्हेंबर २०१३ पर्यंत, म्हणजे योजना राज्यभर होईपर्यंत, थांबावे लागले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. या योजनेविषयी डाव्या चळवळीत बरीच टीका झाली. खासगी इस्पितळांना सरकारी पैसा पुरविण्याची ही युक्ती आहे, असे म्हटले गेले आणि त्यात तथ्यही आहे. तथापि स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया म्हणजे एक तर जमिनीचा तुकडा विकणे, नाही तर दुखणे अंगावर काढून मरणे, एवढे दोनच पर्याय ज्या घरांपुढे होते, त्यांना तिसरा पर्याय दिसला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु योजनेची घडणच इस्पितळाच्या खाटेशी बांधलेली आहे. शस्त्रक्रियेचे पॅकेज, केमोथेरपीचे पॅकेज, किरणोपचाराचे पॅकेज. ज्या दिवशी स्त्री घरी जाते त्या दिवशी सरकारच्या वहीत तिचे खाते जवळजवळ मिटते. तिच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र त्याच दिवशी एक नवे खाते उघडलेले असते आणि ते पुढे दहा, वीस, कधी तीस वर्षे चालते. आजच्या व्याख्यानाचा विषय हे दुसरे खाते आहे.

प्रश्न किती मोठा आहे, हे आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांवर मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत याचा क्रमांक पहिला आहे. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या भारतीय स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर सुमारे ६६ टक्के हयात होत्या. अमेरिकेत हेच प्रमाण ९० टक्के होते. हे अंतर मुख्यतः उशिरा येण्याचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची स्तनतपासणी कधीतरी झाली होती, अशांचे प्रमाण देशभरात ०.९ टक्के निघाले. शंभरांत एकही नाही! आणि त्यासाठी मोठी यंत्रे लागतात असेही नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर जो प्रदीर्घ प्रयोग केला, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. एकूण सर्व वयांचा विचार करता घट लहान होती आणि ती निर्णायक म्हणता येत नाही, हेही संशोधकांनी लपविले नाही.

जे मरतात त्यांच्यासाठी निदान आकडा तरी असतो. जे दोन-तृतीयांश जगतात, त्यांची गणती 'यशस्वी उपचार' या एका शब्दात आटोपते. त्या यशाच्या आत काय आहे, हे पाहण्यासाठी पाश्चात्त्य वैद्यकाने 'जीवनाची गुणवत्ता' ही कल्पना काढली आणि अर्थशास्त्रज्ञांनी ती आकड्यांत बसविली. पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे एक, मृत्यू म्हणजे शून्य, आणि मधले सर्व अपूर्णांक. ॲलन विल्यम्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली हृदयशस्त्रक्रियांचा असा हिशेब मांडला, तेव्हापासून ही पद्धत आरोग्यखात्यांच्या दप्तरांत रूढ झाली. मर्यादित पैसा कोठे खर्चावा हे ठरविण्यास असे काहीतरी माप लागते, हे मान्य केलेच पाहिजे. पण माप कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या घरावरून बेतले आहे, हेही विचारले पाहिजे.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी युरोपात तयार झालेली एक प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. तीस प्रश्न सर्वसाधारण आणि स्तनाच्या कर्करोगासाठी जोडलेले आणखी तेवीस. काळजीपूर्वक बनविलेली, उपयुक्त अशी ती आहे. तिचा पहिलाच प्रश्न असा : जड कामे करताना, उदाहरणार्थ बाजाराची भरलेली पिशवी किंवा सूटकेस उचलताना, त्रास होतो काय? चोपडा किंवा शिंदखेडा तालुक्यातील शेतमजूर स्त्रीच्या आयुष्यात सूटकेस कधी येते? तिच्या आयुष्यात पाण्याचा हंडा आहे, सरपणाची मोळी आहे, वेचलेल्या कापसाचे गाठोडे आहे. आणि त्या तीस प्रश्नांत पैशाच्या अडचणीविषयीचा प्रश्न किती? एक. आजारामुळे किंवा उपचारांमुळे आर्थिक अडचण आली काय, एवढेच. आणि उत्तर एक ते चार या आकड्यांत द्यायचे.

यापेक्षा खोल अडचण वेगळीच आहे. १९४४ साली, बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे विधुर व विधवा यांची प्रकृतीविषयी पाहणी झाली होती. अमर्त्य सेन यांनी तिचा वारंवार दाखला दिला आहे. आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे, असे ४८.५ टक्के विधुरांनी सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या निघाल्या अवघ्या २.५ टक्के. विधवांची प्रकृती विधुरांहून उत्तम होती असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. तक्रार करण्याचा अधिकारच आपल्याला आहे, हे त्यांच्या मनाला शिवलेले नव्हते. खानदेशातील स्त्रीला 'कशी आहे तब्येत?' असे विचारले तर ती 'बरी आहे' म्हणते. हे उत्तर नोंदवून घेणारा कारकून आणि त्या नोंदीवर शोधनिबंध लिहिणारा प्राध्यापक, दोघेही एकच चूक करतात.

म्हणून मापाची सुरुवात तिच्या उत्तरापासून न करता तिच्या हातापासून करावी. या रोगाच्या शस्त्रक्रियेत पुष्कळदा काखेतील लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. हातातील लसिकाद्रव ज्या वाटेने परत छातीकडे जातो, त्या वाटेवरची ही नाकी. ती निघाली, वर किरणोपचारही झाले, की काही स्त्रियांत द्रव तुंबतो आणि हात सुजतो. ही सूज शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी येऊ शकते, तशी काही वर्षांनीही. एकदा मुरली की पूर्णपणे जात नाही. ती आटोक्यात ठेवावी लागते. काखेतील ग्रंथी सरसकट काढल्यास साधारणतः पाचांत एका स्त्रीला ही हातसूज येते. केवळ पहिल्या एक-दोन ग्रंथी काढून तपासण्याची नवी पद्धत वापरल्यास हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत राहते. अर्थात नवी पद्धत तिलाच लागू पडते जी लवकर आली. जी उशिरा आली, तिच्या काखेत रोग पोहोचलेला असतो. म्हणजे दारिद्र्य आधी उशीर घडविते आणि मग त्या उशिराचे व्याज हातावर वसूल करते.

खानदेशात हात म्हणजे काय, हे येथे सांगावयास नको. कापसाच्या वेचणीत उघडलेल्या बोंडाची वाळलेली टोके बोटांना सारखी ओरखडतात. निरोगी बाईच्या हातावर ते ओरखडे चार दिवसांत बुजतात. सुजऱ्या हाताला तेच ओरखडे घातक, कारण त्यातून जंतू शिरले की हात लाल होतो, ताप भरतो आणि प्रत्येक अशा तापानंतर सूज पूर्वीपेक्षा वाढून बसते. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत घड वाहायचे असतात. घरी भाकरी थापायची, मिरच्या कुटायच्या, विहिरीवरून पाणी ओढायचे. शिवाय केमोथेरपीतील काही औषधांनी बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. धान्य निवडताना खडा कोणता आणि दाणा कोणता हे बोटाला कळेनासे होते. डॉक्टरांच्या कागदावर ही 'सौम्य' तक्रार असते.

या स्त्रीला घरी पाठविताना परंपरेने एक सल्ला दिला जातो : त्या हाताने वजन उचलू नका. सल्ला देणाऱ्याच्या मनात बहुधा बँकेत नोकरी करणारी रुग्ण असते. मजूर स्त्रीला हा सल्ला म्हणजे उपाशी राहा असे सांगण्यासारखाच आहे आणि ती तो पाळत नाही. मग हात सुजला की 'तुम्हीच पथ्य पाळले नाही' हा दोषही तिच्याच पदरात. गंमत अशी की या सल्ल्याचा शास्त्रीय पाया पुरेसा भक्कम नव्हताच. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हातसूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवीत नेलेले वजन उचलण्याचा व्यायाम वर्षभर दिला. त्यांची सूज वाढली नाही. उलट ती भडकण्याचे प्रसंग कमी झाले आणि हातात बळ आले. तेव्हा गरज आहे ती हाताला पुन्हा कामाचा करून देणारे कोणी तालुक्याच्या गावी असण्याची. केवळ मनाई करून भागत नाही. फिजिओथेरपिस्ट ही चैनीची वस्तू आहे अशी एक समजूत सार्वजनिक आरोग्यखात्यात घर करून बसली आहे. मजुराच्या बाबतीत ती सर्वांत खोटी आहे.

सुजेवर दुसरा उपाय म्हणजे दाब देणारी लवचीक बाही. ती मापाने घ्यावी लागते, दिवसभर घालावी लागते आणि साधारण सहा महिन्यांनी तिचा ताण गेला की बदलावी लागते. आता भुसावळ-जळगावचा मे महिना डोळ्यांसमोर आणावा. पारा पंचेचाळिसाच्या घरात, पत्र्याचे घर, आणि दंडापासून मनगटापर्यंत घट्ट बाही! संप्रेरके रोखणाऱ्या गोळ्यांनी अंगातून आधीच वाफा निघत असतात. थंड देशांत लिहिलेल्या सूचनापत्रकांत या उन्हाळ्याचा विचार कोठून असणार?

वैद्यकाच्या इतिहासातही स्त्रीच्या हाताची किंमत फार उशिरा झाली, हे ओझरते नोंदविण्यासारखे आहे. हॉल्स्टेड या अमेरिकन शल्यविशारदाने १८९४ साली छातीच्या स्नायूंसह सर्व काही काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला आणि पाऊणशे वर्षे ती जवळजवळ धर्माज्ञेसारखी पाळली गेली. बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत व उंबेर्तो वेरोनेसी यांनी इटलीत १९७० नंतर शिस्तीने प्रयोग करून दाखविले, की एवढे कापून आयुष्य वाढत नाही. ज्या पिढ्यांचे हात त्या श्रद्धेपायी अधू झाले, त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता मजुरीचा हिशेब. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादी स्त्री दिवसाला पन्नास किलो कापूस वेचत असे. उपचारांनंतर ती तीस किलो वेचते. मजुरी किलोवर मिळते. तेव्हा तिची मजुरी चाळीस टक्क्यांनी घटली. मालकाने तिच्यावर अन्याय केला असे म्हणता येत नाही, त्याने तर दर तोच दिला. कायद्यालाही तक्रार नाही. अंगावर कामाचा दर ही पद्धत शरीराच्या प्रत्येक उणिवेचे रूपांतर निमूटपणे मजुरीच्या कपातीत करते, आणि ही कपात कोणत्याही 'उपचारखर्चा'त धरली जात नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने कर्करोगाच्या इस्पितळवासाचा सरासरी खर्च दर खेपेस सुमारे एकसष्ट हजार रुपये काढला. तो मोठाच आहे. पण तो एकदा मोजता तरी येतो. रोजची चाळीस टक्के तूट वीस वर्षे चालली तर तिची बेरीज कोण करतो?

संघटित उद्योगातील कामगारासाठी १९४८ च्या कायद्याने राज्य विमा योजना आली. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात तीत, काही अटींवर, दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के भत्ता मिळण्याची सोय आहे. स्वातंत्र्योत्तर भारताच्या कामगार चळवळीची ही मोठी कमाई. परंतु शेतमजूर स्त्री तिच्या कक्षेबाहेर राहिली. खानदेशातील कापडगिरण्याही एकामागून एक बंद पडल्या, आणि त्या चालू असतानाही त्यांत स्त्रिया थोड्याच होत्या. १९३६ साली फैजपूरला, म्हणजे याच जळगाव जिल्ह्यात, ग्रामीण भागातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले आणि शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. शेतावर राबणाऱ्या बाईला आजारपणाचा पगार मिळावा, ही कल्पना अद्याप त्या परिसरातील राजकारणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आलेली नाही.

तिच्यासाठी आहे ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासून चालत आलेल्या या योजनेत, कर्करोगामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचा उल्लेख आहे, ही चांगली गोष्ट. २०२३ साली अनुदान दरमहा दीड हजार रुपये करण्यात आले. पण पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनेक वर्षे एकवीस हजार रुपये ठेवली गेली. दिवसाचे अठ्ठावन्न रुपयेही होत नाहीत! या मर्यादेत जो खरोखर बसतो तो जिवंत कसा, हाच प्रश्न पडावा. मग तलाठ्याकडून दाखला मिळविण्यासाठी खोटे बोलावे लागते, आणि खोटे बोलण्याचे धैर्य किंवा ओळख जिच्यापाशी नाही ती बाहेर राहते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले. त्या यादीत हातसुजेचे नाव नाही.

घरात काय होते? २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात. जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटे. बाईचा हात गेला म्हणून ही २८९ मिनिटे नाहीशी होत नाहीत. ती सासूकडे सरकतात, किंवा बहुधा मोठ्या मुलीकडे, आणि मुलीची शाळा सुटते. एका आजाराची किंमत अशी दुसऱ्या पिढीच्या खात्यावर चढते. पुरुषाने भाकरी थापली असती तर यातील बराच भाग टळला असता. समाजवादी कार्यकर्त्यांच्या घरांतही हा प्रयोग जितक्या उत्साहाने व्हावयास हवा होता तितका झालेला नाही.

स्तन गमावल्याचे दुःख मात्र कोणत्याही पाहणीत नीट सापडत नाही. प्रश्नावलीत शरीराविषयी, पती-पत्नीसंबंधाविषयी प्रश्न आहेत. सुनेला, सासू शेजारी बसलेली असताना, ते विचारले जातात आणि रकाना कोरा राहतो. तरुण वयात केमोथेरपीने पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीला वांझपणाची भीती असते. कॅन्सर शिवल्याने लागतो, भांडी वेगळी ठेवावीत, अशा समजुती आहेतच. मुलीच्या लग्नात आईचा आजार लपवावा लागतो, कारण 'रक्तातच आहे' असे पाहुणे म्हणतात. वस्तुतः या कर्करोगात थेट आनुवंशिक दोषाचा वाटा पाच ते दहा टक्क्यांइतकाच आहे. सुसान सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेने, स्वतः याच रोगातून उठल्यानंतर, १९७८ साली आजाराचे रूपक करण्याच्या सवयीवर एक पुस्तक लिहिले. 'भ्रष्टाचाराचा कर्करोग', 'जातीयतेचा कर्करोग' हे शब्दप्रयोग पुरोगामी अग्रलेखांतही सर्रास आढळतात. त्या वाचणाऱ्यांत ज्यांना तो झाला आहे अशा स्त्रियाही असतात, याचे भान संपादकांनी ठेवण्यास हरकत नसावी.

अंतराचा प्रश्न मात्र काहीसा सुटत आला आहे, आणि तो सुटण्याची रीत बोधप्रद आहे. किरणोपचार, ज्यांना लोक 'शेक' म्हणतात, पूर्वी पाच-पाच आठवडे रोज घ्यावे लागत. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, जळगावहून चारशेंच्या वर. म्हणजे महिना-सव्वा महिना परळच्या आसपास राहावयाचे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्य कुटुंबांना आसरा दिला, ज्यांना तेथे जागा मिळाली नाही ती पदपथावर राहिली. इंग्लंडमधील प्रयोगांनी आधी हा काळ तीन आठवड्यांवर आणला, आणि २०२० साली पुष्कळशा रुग्णांत एक आठवडाही पुरतो असे दाखविले. २०१२ पासून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय झाले. कन्नडचा किंवा अजिंठ्याचा घाट चढला की पोहोचता येते. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. या प्रत्येक गोष्टीने गरीब स्त्रीच्या आयुष्याची गुणवत्ता, नव्या औषधाइतकीच, वाढविली.

औषधांचे दोन प्रकार पडतात. टॅमॉक्सिफेन ही गोळी स्वस्त आहे; ती संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठींसाठी पाच वर्षे, आणि २०१२ च्या संशोधनानुसार काहींना दहा वर्षे, घ्यावयाची असते. ती बंद पडते ती किमतीपेक्षा पुरवठ्यामुळे, आणि 'आता बरी आहे, मग गोळी कशाला?' या घरच्या प्रश्नामुळे. दुसऱ्या प्रकारात ट्रास्टुझुमॅबसारखी औषधे येतात. २०१४ च्या सुमारास भारतीय कंपनीने त्याची स्वतःची आवृत्ती आणल्यावर ते थोडे आवाक्यात आले. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतीय औषधउद्योग उभा केला. २००५ च्या दुरुस्तीने ती भिंत पाडली. तरीही सक्तीच्या परवान्याचे कलम उरले आहे. २०१२ साली मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधासाठी ते वापरले गेले आणि महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशेंवर आला. त्यानंतर त्या कलमाला गंज चढला. पसरलेल्या स्तनकर्करोगावरील रायबोसिक्लिबसाठी एका रुग्ण स्त्रीने केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली. औषध महिन्याला पन्नास हजारांच्या वर होते. निकाल लागण्यापूर्वीच, २०२२ साली, ती वारली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ज्या जिल्ह्यात शंभरांत एकीचीही तपासणी होत नाही, तेथे आधी निदान करावे, की वाचलेल्यांच्या बाह्या आणि व्यायाम यांवर पैसा घालावा? उत्तर असे की ही दोन कामे एकमेकींच्या आड येत नाहीत. गाठ लागलेली स्त्री दवाखान्यात का जात नाही? तिने गावात उपचार घेऊन आलेली दुसरी स्त्री पाहिलेली असते : सुजलेला हात, गेलेले काम, सुटलेली मुलीची शाळा. 'जाऊन तरी असेच व्हायचे' हा तिचा निष्कर्ष अडाणीपणाचा म्हणता येत नाही. समोरच्या पुराव्यावरून काढलेला तो निष्कर्ष आहे. तो पुरावा बदलल्याशिवाय तपासणीची शिबिरे ओस पडणार.

धुळ्यास १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून. दोन्हीकडे आठवड्यातून एक वार ठरवून, उपचार पूर्ण झालेल्या स्त्रियांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालविणे अशक्य नाही. दोन्ही हातांचा घेर साध्या मोजपट्टीने मोजता येतो. फरक दिसू लागताच व्यायाम व बाही सुरू केली तर सूज मुरत नाही. ही मोजपट्टी 'आशा' कार्यकर्तीच्या पिशवीतही मावते, आणि महिन्याची टॅमॉक्सिफेनची पाकिटे तिच्याच हाती घरपोच देता येतील, मात्र त्या कामाचा मोबदला तिला वेगळा मिळाला पाहिजे. बाही फुले योजनेत दर सहा महिन्यांनी मिळावी. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा किमान वेतनाशी जोडावी. आणि उपचारांच्या काळात शेतमजूर स्त्रीला बुडालेल्या मजुरीचा भत्ता मिळावा, यासाठी दोन्ही जिल्हा परिषदांपुढे मागणी नेताना सोबत निवेदनाचा कागद नेण्याऐवजी त्या स्त्रियांनाच न्यावे. अहिराणीत बोलू द्यावे, आणि सभागृहाने ते मुकाट्याने ऐकून इतिवृत्तात नोंदवावे, असा आग्रह धरावा.